गादीवरची कुस्ती: ऑलिंपिक आणि आशियाई स्पर्धा बघताना

लपेट

१९ सप्टेंबर २०२६ पासून जपानमध्ये आइची-नागोयाला आशियाई स्पर्धा आहेत, म्हणून हा धागा काढतोय.

आपल्याकडे कुस्ती कळणारी माणसं भरपूर. फडावर वाढलेल्या माणसाला नुसत्या खडाखडीवरून पैलवानाचं पाणी कळतं. पण हाच माणूस टीव्हीवर ऑलिंपिकची कुस्ती बघायला बसला की दुसऱ्याच मिनिटाला विचारतो, "पाठ कुठं लागली? मग गुण कसले दिले?" प्रश्न रास्त आहे, आणि आपले मल्ल मोठ्या स्पर्धेत कुठे कमी पडतात त्याचं उत्तरही बरंचसं याच प्रश्नात आहे, असं माझं मत आहे.

मातीत निकाल एकच, चितपट. समोरच्यानं पट काढून (पाय धरून) तुम्हाला खाली बसवलं, सवारी केली, तरी पाठ लागत नाही तोवर तुमचं काही गेलेलं नसतं. पोटावर घट्ट पडून राहायचं, दम खायचा, संधी मिळाली की निसटायचं. दहा-पंधरा मिनिटं असं तग धरून नंतर कुस्ती मारलेले मल्ल आपण पाहिलेत. गादीवर मात्र खाली नेऊन ताबा घेतला की तिथेच २ गुण. त्यानंतर खालच्याची पाठ गादीकडे वळवली की प्रत्येक वेळी आणखी २. दोघांच्या गुणांत १० चा फरक पडला की तांत्रिक सरशीवर कुस्ती तिथेच संपते. म्हणजे एक पट आणि लागोपाठ चार भारंदाज (कंबरेला हातांची कडी घालून फिरवणं), की खेळ खलास. एका मिनिटाचंही काम नाही.

टोकियो ऑलिंपिकमधली रवी दहियाची ५७ किलोची उपांत्य कुस्ती पुन्हा बघा. कझाकस्तानच्या नूरइस्लाम सनायेवनं त्याचे दोन्ही पाय एकमेकांवर घालून घोट्यापाशी आवळले आणि गरगर फिरवलं. उत्तरेत याला फितेले म्हणतात. बघता बघता रवी २-९ असा मागे पडला. उभ्या कुस्तीत तो मुळीच कमी नव्हता. बहुतेक गुण गेले ते खाली, काही सेकंदांत. शेवटी त्यानं सनायेवला दाबून चितपट केलं आणि कुस्ती काढली, ती त्याची जिगर. सनायेव दंडाला चावला तरी रवीनं पकड सोडली नाही. पण ९ गुण गेले कसे, हे आपण विसरतो.

पॅरिसला अमन सेहरावत उपांत्य फेरीत जपानच्या रेई हिगुचीकडून हरला तोही १०-०, अडीच मिनिटांच्या आत.

म्हणून माझं म्हणणं: आपल्या तालमींत मुलांना पट काढायला जितकं शिकवतात, तितकंच खाली गेल्यावर काय करायचं हे शिकवायला हवं. तुम्हाला काय वाटतं? ज्यांना नियम नवे आहेत त्यांनी बिनधास्त विचारा.

जोरबैठक

उत्तम धागा. मी मुलांना गादीवर शिकवतो, त्यामुळे यावर लिहायलाच हवं.

मातीतून आलेला मुलगा खाली गेला की आपसूक हात छातीखाली गोळा करतो आणि गुडघे पोटाशी घेतो. मातीत ते बरोबर, कारण त्यानं गाठोडं होतं आणि पाठ लावणं अवघड जातं. गादीवर नेमकं हेच अंगाशी येतं. गुडघे जवळ घेतले की कंबर वर उचलली जाते आणि वरच्याचे दोन्ही हात पोटाखालून सहज आरपार जातात. एकदा हातांची कडी बसली, की तो तुमच्या बरगड्यांवर डोकं दाबतो, कंबर स्वतःच्या मांडीवर ओढतो, पूल करतो आणि फिरवतो. पहिली फिरकी बसली की दुसरी जास्त सोपी जाते, कारण कडी तशीच असते आणि वेग आधीच मिळालेला असतो.

बचाव असा: पोट आणि कंबर गादीला चिकटवायची, पाय रुंद पसरायचे, आणि तो ज्या बाजूला फिरवणार त्या बाजूचा हात लांब टाकून आधार घ्यायचा. कडी बसण्याआधीच त्याच्या मनगटाशी झटायचं. ती बसल्यावर निम्मं काम त्याचं झालेलं असतं. आणि मुख्य म्हणजे थोडाच वेळ टिकायचं असतं. वरच्याला काही करता येत नाही असं दिसलं की पंच दोघांना उभं करतात. हा हिशेब मुलाच्या डोक्यात बसायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

वाऱ्यावरची

मला कुस्तीतलं फार कळत नाही, पण मुलगी शाळेत कुस्ती खेळते म्हणून सगळं वाचते. एक शंका आहे. २००८ ला सुशील कुमार पहिलीच कुस्ती हरला होता ना? मग त्याला पदक कसं मिळालं? बाकी खेळांत हरलं की घरी.

लपेट

ताई, याला रेपेशाज म्हणतात. तुम्हाला ज्यानं हरवलं तो पुढे अंतिम फेरीत पोचला, तर तुम्हाला परत बोलावतात. कारण साधं आहे. चिठ्ठीनं तुमची जोड पहिल्याच फेरीत सगळ्यात भारी मल्लाशी लागली, तर त्यात तुमचा काय दोष?

बीजिंगमध्ये ६६ किलोत सुशील युक्रेनच्या आंद्री स्टॅडनिककडून हरला. स्टॅडनिक अंतिम फेरीत गेला आणि सुशीलला दार उघडलं. मग अमेरिकेचा डग श्वाब, बेलारूसचा अल्बर्ट बातिरोव आणि कझाकस्तानचा लिओनिद स्पिरिदोनोव, अशा लागोपाठ तीन कुस्त्या मारून त्यानं कांस्य घेतलं. १९५२ च्या हेलसिंकीनंतर ५६ वर्षांनी कुस्तीत भारताला ऑलिंपिक पदक मिळालं ते असं. २०१२ ला लंडनमध्ये योगेश्वर दत्तचं कांस्य आणि २०१६ ला रिओत साक्षी मलिकचं कांस्यही याच वाटेनं आलं. योगेश्वरनं तर शेवटच्या कुस्तीत डोळा सुजलेला असताना फितेले लावून एकामागून एक गुण घेतले होते. म्हणजे हा डाव आपल्यालाही येतो.

रेपेशाजच्या दोन बाजू असतात, एकेका अंतिम मल्लाकडून हरलेल्यांची. त्यामुळे कांस्यपदकं दोन. ऑलिंपिकमध्ये कुस्तीला दोन कांस्यं २००८ पासूनच.

तळटीप

याची दुसरी बाजू जास्त चटका लावणारी आहे. तुम्हाला हरवणारा पुढे हरला, तर तुमचंही संपलं.

पॅरिसला रितिका हुड्डा ७६ किलोत उपांत्यपूर्व फेरीत किर्गिझस्तानच्या ऐपेरी मेदेत किझीशी खेळली. मेदेत किझीला त्या गटात पहिलं मानांकन होतं. सहा मिनिटांनंतर गुणफलक १-१. दोन्ही गुण नकारात्मक कुस्तीचे, म्हणजे एकीनंही दुसरीवर डाव करून मिळवलेले नाहीत. तरी हरली रितिका. कारण गुण समान असले की आधी कोणाच्या डावाची किंमत मोठी हे बघतात, मग ताकिदी कोणाला कमी, आणि तेही सारखं असेल तर शेवटचा गुण ज्याचा तो जिंकतो. रितिकाचा गुण आधीचा होता. आणि मग मेदेत किझी उपांत्य फेरीत हरली, त्यामुळे रेपेशाजचं दारही बंद.

त्याच स्पर्धेत ६८ किलोत निशा दहिया आघाडीवर असताना हाताला दुखापत झाली आणि उत्तर कोरियाच्या पाक सोल-गुमनं ती कुस्ती १०-८ अशी घेतली. निशा रडत रडत खेळत होती. पाकही पुढे हरली.

रात्रपाळी

नकारात्मक कुस्तीचा गुण नीट समजावणार का कोणी? टीव्हीवर ३० सेकंदांचं वेगळं घड्याळ दिसतं ते काय असतं?

तळटीप

एखादा मल्ल नुसता हात अडवतोय, मागे सरकतोय, डाव टाकत नाही असं वाटलं की पंच आधी सूचना देतात. पुन्हा तसंच झालं की त्याच्या नावावर ३० सेकंदांचं घड्याळ लागतं. त्या वेळात दोघांपैकी कोणीच गुण घेतला नाही, तर समोरच्याला १ गुण. हे फ्रीस्टाइलमध्ये. ग्रीको-रोमनला, म्हणजे जिथे कंबरेखाली धरायचं नसतं, पद्धत वेगळी आहे, तिथे गुणासोबत खाली बसवतात.

याशिवाय वर्तुळाबाहेर पाय गेला की समोरच्याला १ गुण. गादीवरचं वर्तुळ ९ मीटर व्यासाचं असतं आणि कडेचा मीटरभर पट्टा वेगळ्या रंगाचा असतो. त्या पट्ट्यात पाय आले की मल्लानं ओळखायचं, काठ आला.

हौदा

लपेटराव, लेख आवडला पण मूळ मुद्दा पटला नाही. मातीला दोष देऊ नका.

खाशाबा जाधव गोळेश्वरच्या मातीतले. १९५२ ला हेलसिंकीत ५७ किलोत कांस्य, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले तेव्हा खाशाबा जाऊ शकले. १९६२ ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत मारुती मानेंनी फ्रीस्टाइलला सुवर्ण आणि ग्रीको-रोमनला रौप्य घेतलं. गणपतराव आंदळकरांनी ग्रीको-रोमनला सुवर्ण आणि फ्रीस्टाइलला रौप्य. एकाच स्पर्धेत दोन-दोन प्रकारांत! आज असं कोणाकडून होतंय? ही सगळी माणसं मातीतच घडली. जोर, बैठका, आखाडा खणणं यातून जी कमावलेली ताकद येते ती दुसरीकडे मिळत नाही.

लपेट

हौदा, तुम्ही घेतलेली सगळी नावं मला देवासारखी आहेत. मातीनं ताकद, पकड आणि दमसास येतो यात वादच नाही. पण खाशाबांचंच उदाहरण पुढे न्या. १९४८ ला लंडनला ते गेले तेव्हा गादीचा आणि आंतरराष्ट्रीय नियमांचा सराव जवळजवळ नव्हता. तरी ५२ किलोत सहावे आले. मग मधल्या चार वर्षांत त्यांनी तयारी केली ती गादीच्या कुस्तीची, वजनगट बदलला, आणि हेलसिंकीत कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवून पदकापर्यंत गेले. माती तीच होती. भर पडली ती गादीच्या अभ्यासाची.

आणि हेलसिंकीत घात झाला तोही नियमानंच. जपानच्या शोहाची इशीशी लांबलेली कुस्ती हरल्यावर त्यांना लगेच सोव्हिएत युनियनच्या रशीद मामेदबेकोवसमोर उभं केलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. ते ठणकावून सांगणारा आपला एकही अधिकारी तिथे नव्हता. खाशाबा दमलेले होते आणि हरले. इशीला सुवर्ण मिळालं, मामेदबेकोवला रौप्य. हे वाचताना माझा अजूनही संताप होतो.

जोरबैठक

हौदा +१ आणि लपेट +१. माती सोडू नये. पण मुलगा राज्याबाहेर खेळणार असेल तर त्याला आठवड्यातले जास्त दिवस गादीवर घालवायला हवेत. महाराष्ट्र केसरीत माती विभाग आणि गादी विभाग वेगळे ठेवून शेवटी दोघांचे विजेते भिडवतात, तेव्हा दोन्हीकडचे फरक फार स्पष्ट दिसतात. ती कुस्ती बघताना मी मुलांना पायांकडे बघायला सांगतो. मातीतला मल्ल टाच रोवतो, गादीवरचा चवड्यावर असतो.

काटा

विनेश फोगाटचा विषय कोणी काढला नाही अजून, म्हणून मी काढतो. तिच्यावर अन्याय झाला असं मला मनापासून वाटतं.

तळटीप

काटा, लिहिणारच होतो. आधी पॅरिस ऑलिंपिकमधली तिची ६ ऑगस्ट २०२४ ची पहिली कुस्ती घेऊ, कारण वर चर्चा झालेले जवळजवळ सगळे नियम त्या एका कुस्तीत आहेत.

समोर जपानची युई सुसाकी. टोकियोची विजेती, आणि परदेशी मल्लाकडून कधीही न हरलेली. विनेशनं ठरवून तिला हात लावू दिला नाही. डोकं आणि हात पुढे ठेवून अंतर राखलं, सुसाकीला पायाशी येऊच दिलं नाही. याची किंमत म्हणून नकारात्मक कुस्तीचे दोन गुण गेले, ०-२. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं, ही हरतेय. पण २ गुणांचा एक डाव मारला तरी २-२ होणार होतं, आणि डावाची किंमत मोठी म्हणून विनेश पुढे जाणार होती. शेवटचे काही सेकंद उरले असताना तिनं झेप घेतली, सुसाकीला खाली नेलं, २ गुण. जपानच्या प्रशिक्षकांनी निर्णयाला आव्हान दिलं, ते फेटाळलं गेलं, आणि फसलेल्या आव्हानाचा १ गुण समोरच्याला मिळतो म्हणून ३-२. इतकी विचारपूर्वक खेळलेली कुस्ती मी तरी क्वचितच पाहिली आहे.

मग युक्रेनच्या ओक्साना लिवाचला ७-५, क्युबाच्या युस्नेलिस गुझमानला ५-०. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत जाणारी पहिली भारतीय महिला मल्ल.

दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर ५० किलोच्या वर १०० ग्रॅम, आणि ती अपात्र.

काटा

तेच म्हणतोय. पहिल्या दिवशीच्या तिन्ही कुस्त्या तिनं वजनात राहूनच मारल्या होत्या. त्या तरी ग्राह्य धरायच्या. क्रीडा लवादानंही १४ ऑगस्टला रौप्यासाठीचा तिचा अर्ज फेटाळला.

तळटीप

नियम असा आहे: एका वजनगटाची स्पर्धा दोन दिवस चालते. पहिल्या दिवशी उपांत्य फेरीपर्यंत, दुसऱ्या दिवशी रेपेशाज आणि अंतिम. वजन दोन्ही सकाळी. पहिल्या दिवशी अर्धा तास मिळतो, दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटं. त्यात बसला नाहीत तर सगळ्यात शेवटचा क्रमांक, पदक नाही. रिओपर्यंत आदल्या संध्याकाळी वजन आणि सगळ्या कुस्त्या एका दिवसात, अशी पद्धत होती. तेव्हा मल्ल पाच-सहा किलो उतरवायचे आणि रात्रीत परत चढवायचे. हा जीवघेणा प्रकार कमी व्हावा म्हणून दोन दिवसांची पद्धत आणली. हेतू चांगलाच आहे.

पण शिक्षा फार कडक आहे, इथे मी तुमच्या बाजूचा आहे. दुसऱ्या दिवशी वजन बसलं नाही तर अंतिम कुस्ती खेळू देऊ नये, पण आदल्या दिवशी नियमात राहून जिंकलेलं पुसू नये. रौप्य तिचंच होतं. तिच्या जागी गुझमान अंतिम फेरीत खेळली आणि अमेरिकेच्या सारा हिल्डेब्रँटनं सुवर्ण घेतलं. तिकडे सुसाकीला रेपेशाजमधून कांस्य मिळालं.

जोरबैठक

वजनाबद्दल पालकांसाठी लिहितो. ऑलिंपिकला प्रत्येक प्रकारात सहाच वजनगट, जागतिक स्पर्धेला दहा. महिलांचे ५०, ५३, ५७, ६२, ६८, ७६. विनेश मुळात ५३ ची. तिथली जागा अंतिम पंघालनं मिळवली होती म्हणून ती ५० ला उतरली. तीन कुस्त्या खेळायच्या तर पाणी आणि खाणं लागणारच, आणि ते शरीरात गेलं की वजन वाढणारच. रात्रभर पळून, सौनात बसून, केस कापूनही शेवटचे १०० ग्रॅम गेले नाहीत. शरीरात पाणीच उरलेलं नसेल तर घाम येणार कुठून?

पॅरिसलाच दोन दिवसांनी अमनचं वजन उपांत्य कुस्तीनंतर साडेचार किलोहून जास्त वर होतं. रात्रभर खपून ते उतरवलं आणि त्यानं पोर्तो रिकोच्या डॅरियन क्रूझला १३-५ असं हरवून कांस्य घेतलं. वय २१. सगळ्यांनी कौतुक केलं, मीही केलं, पण पोटात गोळा आला होता. पुढच्याच वर्षी झाग्रेबच्या जागतिक स्पर्धेत तोच मुलगा १.७ किलो जास्त भरला आणि एकही कुस्ती न खेळता परत आला. अमनला हरवून पुढे पॅरिसचं सुवर्ण घेणारा हिगुची २०२१ च्या ऑलिंपिक पात्रता स्पर्धेत ५० ग्रॅमनं बाद झाला होता. नंतर तो सावरला.

ताई, तुमच्या मुलीला वाढत्या वयात वजन उतरवायला कोणी सांगत असेल तर स्पष्ट नाही म्हणा. आज आहे त्या वजनात खेळू दे.

वाऱ्यावरची

हे लिहिल्याबद्दल खरंच आभार. हेच विचारायचं होतं, पण कसं विचारू कळत नव्हतं.

रात्रपाळी

राष्ट्रकुल स्पर्धेत आपण पोत्यानं पदकं आणतो आणि आशियाईला गाडी अडते, असं का?

लपेट

२०२२ ला बर्मिंगहॅमला आपले बारा मल्ल गेले आणि बाराही पदक घेऊन आले, त्यात ६ सुवर्ण. वर्षभरानं हांगझोला ६ पदकं, सुवर्ण एकही नाही. फरक समोरच्या माणसांचा. इराण, जपान, कझाकस्तान, उझबेकिस्तान, किर्गिझस्तान, मंगोलिया हे सगळे आशियाई स्पर्धेत असतात. हांगझोला दीपक पुनिया अंतिम फेरीत गेला तर समोर इराणचा हसन यझदानी, ऑलिंपिक विजेता. म्हणून आशियाई कांस्य मी फार वरचं मानतो.

पण राष्ट्रकुलला कमी लेखू नका. २०१८ ला गोल्ड कोस्टला आपल्या बीडच्या राहुल आवारेनं ५७ किलोत कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला हरवून सुवर्ण घेतलं, तेव्हा दुखापत झालेली असताना तो उठून उठून खेळत होता. पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य. २०२६ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेतून कुस्ती वगळली, त्यामुळे अशा मुलांची एक मोठी संधी गेली, हे वाईटच झालं.

हौदा

ग्रीको-रोमनवर कोणी बोलत नाही. माने-आंदळकरांनी जिथे पदकं घेतली तो प्रकार आपण सोडूनच दिला. ऑलिंपिकला त्यात आपलं एकही पदक नाही. हांगझोला सुनील कुमारनं ८७ किलोत कांस्य आणलं, ते २०१० नंतर पहिलं.

जोरबैठक

खरं आहे. कंबरेखाली हात लावायचा नाही, पायाचा वापर नाही, म्हणजे पट, एकलंगी, टांग सगळं बंद. आपली मुलं पटावर वाढतात म्हणून तिकडे वळत नाहीत. पण ढाक आणि कलाजंग या डावांसाठी वरच्या अंगाची जी ताकद लागते ती ग्रीकोत सोन्यासारखी आहे. तिथे ८ गुणांच्या फरकावर कुस्ती संपते आणि पंच खाली बसवतात तेव्हा भारंदाज हेच मुख्य हत्यार. तालमीत एखादा मुलगा मानेनं आणि खांद्यानं दणकट, पण पायाशी जायला मंद असा दिसला, तर त्याला ग्रीकोकडे पाठवा.

वाऱ्यावरची

एक शेवटचं. आव्हान द्यायचं की नाही हे कोण ठरवतं? मुलीच्या स्पर्धेत प्रशिक्षकांनी गादीवर काहीतरी मऊ फेकलं होतं.

तळटीप

तो स्पंज. कोपऱ्यात बसलेला प्रशिक्षक तो आत टाकतो, मग पंच चित्रफीत बघून निर्णय देतात. मल्लाला नको असेल तर तो नकार देऊ शकतो. आव्हान बरोबर निघालं तर पुन्हा वापरता येतं, चुकलं तर १ गुण समोरच्याला आणि त्या कुस्तीपुरतं आव्हान संपलं. रिओत साक्षी किर्गिझस्तानच्या ऐसुलू टिनिबेकोवासमोर मध्यंतराला ०-५ मागे होती. दुसऱ्या सत्रात ५-५ केलं, शेवटच्या सेकंदांत २ गुण घेतले आणि समोरच्यांचं आव्हान फसल्यामुळे ८-५. मुलीला ती कुस्ती दाखवा. आणि दुसऱ्या सत्रात साक्षी पायाशी कधी जाते, तेवढंच बघायला सांगा.